पायांतली काटकसर

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंच्या शरीराविषयी गेल्या शंभर वर्षांत जे लेखन आणि संशोधन झाले, त्यात एका आकड्याला इतर सर्व आकड्यांपेक्षा अधिक मान मिळत आला, आणि तो आकडा म्हणजे अंगातील सर्व बळ पणाला लावले असताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचा. शास्त्रज्ञ त्याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर अशा मापाने तो सांगतात. सराव नसलेल्या निरोगी तरुणाच्या बाबतीत तो साधारणपणे ४० ते ४५ भरतो, तर जागतिक दर्जाच्या धावपटूंमध्ये ७० ते ८५ च्या दरम्यान आढळतो. हृदय किती रक्त ढकलते, त्या रक्तात ऑक्सिजन वाहणारे द्रव्य किती आहे आणि स्नायू तो ऑक्सिजन किती तत्परतेने उचलतात, या सगळ्यांचा निकाल त्या एका आकड्यात येत असल्यामुळे त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यातून केवळ मिळकत कळते, आणि ती मिळकत वापरून किती अंतर तोडले गेले हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तो दुसरा प्रश्न ज्या राशीने मोजला जातो तिला ‘रनिंग इकॉनॉमी’, म्हणजे धावण्यातील काटकसर, असे म्हणतात. ठरावीक, न बदलणाऱ्या वेगाने पळताना शरीराला किती ऑक्सिजन लागतो हे पाहायचे आणि तो हिशेब बहुधा किलो वजनामागे दर किलोमीटरला किती मिलिलिटर अशा स्वरूपात मांडायचा, एवढी ती साधी कल्पना आहे. दोन स्कूटरींच्या टाक्या सारख्या असल्या तरी ज्या गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ चांगले ती पुढच्या गावापर्यंत जाते, हे कोणालाही सांगावे लागत नाही. ताशी १८ किलोमीटर वेगाने पळणाऱ्या दोन धावपटूंची कमाल क्षमता ७० च आहे, परंतु एकाला किलोमीटरमागे १८० आणि दुसऱ्याला २१० मिलिलिटर लागतात असे मानले, तर पहिल्याचा दर मिनिटाचा खर्च ५४ आणि दुसऱ्याचा ६३ होतो, म्हणजेच पहिला आपल्या क्षमतेच्या ७७ टक्क्यांवर पळत असतो आणि दुसरा ९० टक्क्यांवर. पहिला तो वेग दोन तास टिकवू शकेल, दुसऱ्याला अर्ध्या-पाऊण तासानंतर तो सोडून द्यावा लागेल. कमाल क्षमता जवळपास सारखी असलेल्या सरावलेल्या धावपटूंमध्येही हा फरक ३० टक्क्यांपर्यंत आढळला आहे, हे लक्षात घेतले तर पहिल्या आकड्याचा दबदबा काहीसा अनाठायी वाटू लागतो.

मोजणीचा इतिहास ए. व्ही. हिल या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञापासून सांगण्याची पद्धत आहे. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील कामासाठी १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे अर्धे मानकरी ठरलेले हिल स्वतः धावत असत, आणि मँचेस्टरमध्ये गवताच्या छोट्या मैदानावर पाठीला ‘डग्लस पिशवी’ बांधून त्यांनी आपलाच ऑक्सिजन मोजला. ही पिशवी म्हणजे क्लॉड डग्लस यांनी १९११ मध्ये तयार केलेले साधन होते; उच्छ्वासाची सगळी हवा एका नळीतून हवाबंद पिशवीत साठवायची आणि नंतर तिच्यातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण तपासायचे. हिल आणि हार्टली ल्युप्टन यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून कमाल ऑक्सिजनची कल्पना रुजली. आज पिशवीऐवजी मुखवटा, ट्रेडमिल आणि संगणक आले, तरी तत्त्व तेच आहे. एक लिटर ऑक्सिजनमागे शरीराला सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा मिळते; कर्बोदके जळत असतील तर थोडी अधिक, चरबी जळत असेल तर थोडी कमी, आणि म्हणून काटेकोर संशोधक ऑक्सिजनवर न थांबता उष्मांकांतही हिशेब मांडतात. एक अट मात्र सुटत नाही, ती अशी की वेग इतका जास्त नसावा की ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या ऊर्जानिर्मितीचा वाटा मोठा होईल, कारण तो वाटा उच्छ्वासात दिसत नाही.

खर्चाकडे गंभीरपणे पाहायला अभ्यासकांना डेरेक क्लेटन यांच्यासारख्या धावपटूंनी भाग पाडले. या ऑस्ट्रेलियन धावपटूने १९६७ मध्ये जपानमधील फुकुओका येथे २ तास ९ मिनिटे ३६ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि २ तास १० मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस ठरला. उंची सहा फुटांहून अधिक, वजन ७३ किलोंच्या आसपास, अशी ही शरीरयष्टी मॅरेथॉनला शोभणारी नव्हती, आणि अमेरिकेतील डेव्हिड कॉस्टिल यांनी त्याची चाचणी घेतली तेव्हा कमाल क्षमता ७० च्या किंचित खाली निघाली. त्याच काळातील अमेरिकन धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन यांची क्षमता ८४ हून अधिक नोंदली गेली होती, तर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळवणारे फ्रँक शॉर्टर ७१ च्या आसपास होते. १९८० मध्ये डग्लस कॉनली आणि गॅरी क्राहेनबूल यांनी सुमारे ३२ मिनिटांत १० किलोमीटर धावणाऱ्या १२ धावपटूंचा अभ्यास केला आणि कमाल क्षमता साधारण सारखी असलेल्या या गटात वेळेतील फरकाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग एकट्या काटकसरीने स्पष्ट होतो, असे दाखवले. पुढे १९९१ मध्ये मायकेल जॉयनर यांनी कमाल क्षमता, तिचा किती हिस्सा दीर्घकाळ वापरता येतो त्याची सीमा, आणि काटकसर या तीन घटकांचा गुणाकार करून माणसाला मॅरेथॉन १ तास ५७ मिनिटे ५८ सेकंदांत धावता येईल असे भाकीत केले. त्या काळी विश्वविक्रम त्याहून सुमारे नऊ मिनिटांनी मागे होता, त्यामुळे अनेकांना ते कागदी गणित वाटले.

या विषयात सर्वांत बोलका पुरावा एका स्त्रीच्या शरीरातून मिळाला. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ १९९२ मध्ये, अठरा वर्षांच्या असताना, पहिल्यांदा प्रयोगशाळेत आल्या; त्याच वर्षी त्यांनी जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत कनिष्ठ गटाचे विजेतेपद मिळवले होते. पुढील अकरा वर्षे अँड्र्यू जोन्स हे शरीरशास्त्रज्ञ त्यांच्या चाचण्या घेत राहिले, आणि २००६ मध्ये त्यांनी त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. कमाल क्षमता पहिल्या वर्षी सुमारे ७० होती आणि १३ एप्रिल २००३ रोजी लंडनमध्ये रॅडक्लिफ २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन धावल्या त्या वर्षीही ती सुमारे ७० च होती. बदलला तो खर्च. ताशी १६ किलोमीटर वेगाला किलोमीटरमागे २०५ मिलिलिटर लागत होते ते १७५ वर आले, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांची बचत झाली. याचा अर्थ गणिताने पाहावा: क्षमता ७० आणि खर्च २०५ असेल तर त्या क्षमतेवर गाठता येणारा वेग ताशी सुमारे साडेवीस किलोमीटर होतो, खर्च १७५ झाला की तोच वेग २४ किलोमीटर होतो. हृदय आणि फुप्फुसे जशीच्या तशी राहिली आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी साडेतीन किलोमीटरने वर सरकली. मधल्या काळात वजन फारसे बदलले नव्हते, आठवड्याचा सराव मात्र वाढत जाऊन दोनशे किलोमीटरच्या घरात आणि कधी त्याहूनही वर गेला होता. उभी उडी मारण्याची ताकद वाढली होती, तर पाय लांब करून बसून बोटांना हात लावण्याच्या चाचणीतील लवचिकता घटली होती. तो विश्वविक्रम साडेसोळा वर्षे टिकला.

धावताना रॅडक्लिफ यांची मान प्रत्येक पावलागणिक हिसका दिल्यासारखी हलत असे, आणि समालोचक त्यावर हमखास टिप्पणी करत. डोळ्यांना खटकणारी ती धाव आणि प्रयोगशाळेत सापडलेली विलक्षण काटकसर यांच्यातील विसंगती समजून घ्यायची असेल, तर बचत नेमकी शरीराच्या कोणत्या भागात होते याकडे वळावे लागते.

चालणे आणि धावणे या ऊर्जेच्या दृष्टीने दोन भिन्न क्रिया आहेत. चालताना ताठ पायावर शरीर लंबकासारखे पुढे झुलते, आणि ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास त्याचा खर्च किमान असतो. त्याहून हळू किंवा जलद चालले की तो वाढतो. धावताना मात्र किलोमीटरमागचा खर्च वेगानुसार फारसा बदलत नाही. मिलानमध्ये रोदोल्फो मार्गारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले की किलो वजनामागे एका किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते, मग तो किलोमीटर सावकाश पळा की जोरात. सरावलेल्या धावपटूंमध्ये हा खर्च थोडा कमी भरतो. त्याच प्रयोगशाळेतील जोव्हानी काव्हाग्ना यांना दुसऱ्याच वर्षी एक कोडे सापडले. धावताना शरीर दर पावलाला वर उचलण्यात आणि पुढे ढकलण्यात जेवढे यांत्रिक काम होते त्याची ऑक्सिजनच्या खर्चाशी तुलना केली, तर कार्यक्षमता ४० ते ५० टक्के येते, आणि स्नायू स्वतः तर रासायनिक ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात बदलू शकतो, बाकीची उष्णता होते. वरचे काम फुकटात होत असल्याखेरीज हा हिशेब जुळत नव्हता.

ते फुकटचे काम कंडरा करतात. स्नायूला हाडाशी जोडणारा हा चिवट, दोरासारखा पट्टा पाऊल पडताच ताणला जातो, शरीराच्या पडण्याची ऊर्जा स्वतःत साठवतो आणि पाऊल उचलताना तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परत देतो. १९७३ मध्ये टेरेन्स डॉसन आणि रिचर्ड टेलर यांनी ट्रेडमिलवर कांगारू पळवले, तेव्हा उड्या मारू लागल्यानंतर वेग वाढला तरी त्यांचा ऑक्सिजनचा खर्च वाढेना, असे आढळले. १९८७ मध्ये इंग्लंडमधील मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या मानवी पावलांवर यंत्राने दाब देऊन पाहिले आणि असा अंदाज मांडला की मध्यम वेगाने धावणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलात जेवढ्या ऊर्जेची उलाढाल होते, तिच्यातील सुमारे ३५ टक्के टाचेमागच्या अकिलीस कंडरेत आणि १७ टक्के तळव्याच्या कमानीत साठते. तळव्याची कमान खालून आधार देऊन दबू दिली नाही तर सपाटीवरील धावण्याचा खर्च सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो, असेही २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने दाखवले.

मग स्नायू काय करतो, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर टर्की या पक्ष्याने दिले. टेलर यांच्या हार्वर्डमधील गटाने १९९७ मध्ये धावणाऱ्या टर्कीच्या पोटरीच्या स्नायूत सूक्ष्म संवेदक बसवून पाहिले. सपाट जमिनीवर धावताना तो स्नायू जोर पुष्कळ लावत होता, परंतु त्याची लांबी जवळपास बदलत नव्हती. लांबी बदलायचे काम कंडरा करत होती आणि स्नायू तिचे एक टोक घट्ट धरून उभा होता. आकुंचन पावत काम करणाऱ्या स्नायूपेक्षा जागच्या जागी ताण धरणारा स्नायू तेवढ्याच जोरासाठी कमी ऊर्जा खातो, म्हणून हे धरून ठेवणे म्हणजेच काटकसर. १९९० मध्ये रॉजर क्रॅम आणि टेलर यांनी उंदराएवढ्या प्राण्यांपासून तट्टूपर्यंतच्या प्राण्यांचा हिशेब मांडून असे म्हटले होते की धावण्याचा खर्च मुख्यतः शरीराचे वजन पेलण्यासाठी लागणाऱ्या जोराचा आहे, आणि पाऊल जमिनीवर जितका कमी वेळ टिकते तितका तो जोर घाईने निर्माण करावा लागतो आणि महाग पडतो. त्या दृष्टीने ताठ कंडरा, कडक पोटरी आणि टाचेचे आखूड हाड हे सर्व लाभदायक ठरतात. २००८ च्या एका अभ्यासात १५ निष्णात धावपटूंच्या काटकसरीतील निम्म्याहून अधिक फरक केवळ टाचेच्या हाडाच्या मापाने स्पष्ट झाला. रॅडक्लिफ यांची लवचिकता घटल्याचे कारणही येथे दिसू लागते. धावपटूंना अष्टौप्रहर ताणाचे व्यायाम करायला लावणाऱ्या प्रशिक्षकांनी या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

स्नायूच्या आतही बचतीच्या जागा आहेत. मंद आकुंचन पावणारे स्नायूतंतू, ज्यांचे प्रमाण दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंत जास्त असते, ठरावीक वेगाच्या हालचालीत कमी ऊर्जा घेतात. सायकलिंगमध्ये हे अधिक स्वच्छ मोजता येते, कारण पेडलवर झालेले काम यंत्र थेट सांगते आणि खर्चाशी त्याचा भागाकार करता येतो. तो २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान येतो. याच क्षेत्रात एक धडाही आहे. टेक्सासमधील एडवर्ड कोयल यांनी २००५ मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांच्या १९९२ ते १९९९ दरम्यानच्या चाचण्यांतून कार्यक्षमता सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोजणीच्या अचूकतेवर इतर शास्त्रज्ञांनी कडाडून आक्षेप घेतले, गणितातील एक चूक कोयल यांना मान्य करावी लागली, आणि २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँग यांची ‘टूर द फ्रान्स’ची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आल्यावर तर त्या निबंधाचे वजनच उरले नाही. एका खेळाडूच्या काही वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजक्या चाचण्यांवर किती भार टाकायचा, हा प्रश्न रॅडक्लिफ यांच्या नोंदींनाही विचारता येतो. फरक एवढाच की तेथे चाचण्या पुष्कळ आहेत आणि बदलाची दिशा वर्षानुवर्षे तीच आहे.

पोहण्यात चित्र वेगळे दिसते. पाण्यात एक किलोमीटर कापायला धावण्याच्या सुमारे चौपट ऊर्जा लागते आणि तिचा काही भाग पाणी मागे सारण्यात वाया जातो. डच संशोधक हुब टूसाँ यांनी १९९० मध्ये पट्टीच्या पोहणाऱ्यांची ट्रायथलॉन खेळणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा हातांनी लावलेल्या शक्तीचा जो हिस्सा प्रत्यक्ष पुढे जाण्यात उपयोगी पडतो तो पहिल्यांच्या बाबतीत ६१ आणि दुसऱ्यांच्या बाबतीत ४४ टक्के निघाला. येथे तंत्र हेच बरेचसे सर्वस्व आहे आणि ते शिकवता येते. धावण्याच्या प्रशिक्षणात जी मोठी चूक होते ती पोहण्याचा हा न्याय जमिनीवर लावल्यामुळे होते, असे म्हणायला जागा आहे.

कारण धावण्याचे दृश्य तंत्र बदलून काटकसर वाढवण्याचे प्रयत्न फारसे यशस्वी झालेले नाहीत. पीटर कॅव्हना आणि कीथ विल्यम्स यांनी १९८२ मध्ये धावपटूंना त्यांच्या सवयीपेक्षा आखूड आणि लांब ढांगा टाकायला लावल्या, आणि दोन्ही बाजूंनी खर्च वाढला. शरीराने आपल्या आपण निवडलेली ढांग बहुधा किमान खर्चाच्या जवळपासच होती. २००५ मध्ये ट्रायथलॉनच्या खेळाडूंना बारा आठवडे ‘पोझ’ नावाची शैली शिकवली गेली, तेव्हा ढांगा आखूड झाल्या, शरीर कमी उसळू लागले, आणि ऑक्सिजनचा खर्च साडेसात टक्क्यांनी वाढला. हातांच्या झुलण्याचेही असेच आहे. ते वायफळ वाटते, परंतु क्रॅम आणि क्रिस्टोफर अरेलानो यांनी २०१४ मध्ये धावपटूंना हात पाठीमागे धरायला लावले तेव्हा खर्च ३ टक्क्यांनी, छातीवर बांधायला लावले तेव्हा ९ टक्क्यांनी आणि डोक्यावर ठेवायला लावले तेव्हा १३ टक्क्यांनी वाढला. तंत्राला काहीच अर्थ नाही असे मात्र नव्हे. २०१७ मध्ये जोनाथन फोलंड आणि सहकाऱ्यांनी ९७ धावपटूंच्या चित्रीकरणातून दाखवले की कमरेचे वरखाली होणे, पाऊल टेकतानाचा ‘ब्रेक’ आणि अशाच मोजक्या गोष्टी काटकसरीतील ३९ टक्के फरक समजावतात. पण काटकसरी धावपटू तसे धावतात, यावरून तसे धावायला लावले की काटकसर येते असे सिद्ध होत नाही, आणि बाजारातील बहुतेक पुस्तके व शिबिरे नेमकी याच जागी घसरतात.

जी उपाययोजना खरोखर उपयोगी पडल्याचे दिसते तिच्यात डोळ्याला दिसणारी शैली बदलतच नाही. फिनलंडमधील लेना पाव्होलाइनेन यांनी १९९९ मध्ये सरावलेल्या धावपटूंच्या एका गटाचा सरावाचा सुमारे एक-तृतीयांश वेळ नऊ आठवडे उड्या, छोटे वेगवान टप्पे आणि हलक्या वजनाच्या झटकेबाज व्यायामांकडे वळवला. कमाल क्षमता वाढली नाही, काटकसर सुमारे ८ टक्क्यांनी सुधारली आणि ५ किलोमीटरची वेळ कमी झाली. एक्झिटर विद्यापीठात जोन्स यांच्याच गटाने २००९ मध्ये बिटाच्या रसातील नायट्रेटमुळे मध्यम व्यायामाचा ऑक्सिजन-खर्च कमी होतो असे दाखवल्यावर बीट एकदम लोकप्रिय झाले, मात्र अत्युच्च दर्जाच्या खेळाडूंवर त्याचा परिणाम फारच तोकडा आढळला. उरतो तो वर्षानुवर्षांचा सराव, ज्यात नक्की काय घडते हे सुटे करून दाखवणे अवघड असले तरी परिणाम मोजता येतो.

पायात काय घातले आहे यालाही किंमत आहे, आणि ती फार पूर्वीपासून माहीत होती. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले की खर्च सुमारे १ टक्का वाढतो, कारण शरीराच्या मध्यापासून जितके दूर वजन तितके ते झुलवायला महाग. सडपातळ पोटऱ्यांचा पूर्व आफ्रिकी धावपटूंना होणारा लाभ याच नियमातून स्पष्ट करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. त्या न्यायाने अनवाणी धावणे सर्वांत स्वस्त ठरायला हवे होते, परंतु क्रॅम यांच्या प्रयोगशाळेत हलके, मऊ बूट अनवाणी पायापेक्षा महाग पडले नाहीत, कारण बूट जो धक्का झेलतो तो अनवाणी धावताना स्नायूंना झेलावा लागतो. २०१७ मध्ये याच प्रयोगशाळेने, म्हणजे कांगारू आणि टर्की यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाच्या प्रयोगशाळेने, जाड आणि अतिशय उसळत्या फेसाच्या तळव्याचा, आत कार्बनची पट्टी असलेला नायकी कंपनीचा बूट १८ धावपटूंवर तपासला. खर्च नायकीनेच दिला होता. सरासरी बचत ४ टक्के निघाली आणि अठराही जणांना ती झाली. बराच बोलबाला कार्बनच्या पट्टीचा झाला, पण पुढे ती पट्टी कापून पाहिली तेव्हा खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. काम मुख्यतः फेसाचे आहे. २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने तळव्याच्या जाडीवर ४० मिलिमीटरची आणि पट्ट्यांच्या संख्येवर एकची मर्यादा घातली. याहून महत्त्वाचे असे की २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंना असे बूट दिले, तेव्हा साध्या बुटांच्या तुलनेत कोणाला ११ टक्के लाभ झाला, तर कोणाला ११ टक्के तोटा. स्वतःच्या कंडरेने जे आधीच साधले आहे त्यात बुटाची भर किती पडेल, हे त्या-त्या पायावर अवलंबून आहे.

हवेचा विरोध हा खर्चाचा आणखी एक भाग. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये दाखवले की मध्यम पल्ल्याच्या वेगाने पळताना पुढच्या धावपटूच्या मागे एक मीटरवर राहिले तर ऑक्सिजनचा खर्च ६.५ टक्क्यांनी कमी होतो. इटलीतील मोंझा येथे ६ मे २०१७ रोजी धावपटू एलिउड किपचोगे यांनी २ तास २५ सेकंदांत आणि व्हिएन्ना येथे १२ ऑक्टोबर २०१९ रोजी १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर कापले ते पाळीपाळीने बदलणाऱ्या सोबत्यांच्या आडोशाने, आणि म्हणूनच ते विक्रम म्हणून नोंदले गेले नाहीत. मोंझाच्या तयारीत जोन्स यांनी १६ अव्वल धावपटूंची चाचणी घेतली. दोन तासांच्या मॅरेथॉनसाठी लागणाऱ्या ताशी २१.१ किलोमीटर वेगाला त्यांना सरासरी किलोमीटरमागे १९१ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर, लागत होते.

या पार्श्वभूमीवर पुण्या-मुंबईतील हौशी धावपटूंच्या घड्याळात दिसणारा ‘व्हीओटू मॅक्स’ पुन्हा पाहण्यासारखा आहे. घड्याळ श्वास मोजत नाही. ते हृदयाचे ठोके आणि धावण्याचा वेग पाहते आणि सर्वांची काटकसर साधारण सारखीच आहे असे गृहीत धरून क्षमतेचा अंदाज करते. सहा महिन्यांच्या सरावाने त्याच ठोक्यांत वेग वाढला तर घड्याळ क्षमता वाढल्याचे सांगते, वास्तविक त्यातील बराच भाग खर्च घटल्याचा असू शकतो. त्या आकड्याला काटकसर आणि क्षमता यांची सरमिसळ म्हणणे अधिक योग्य ठरेल. तसेच सपाट रस्त्यावरची काटकसर घाटात जशीच्या तशी वर चढत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या चढावर शरीर प्रत्येक पावलाला खरोखर वर उचलावे लागते. कंडरा साठवलेले परत देते, परंतु जे कधी पडलेच नाही ते तिला साठवता येत नाही, आणि स्नायूला आपल्या त्या चौथ्या हिश्शाच्या कार्यक्षमतेने ते काम करावे लागते. आल्बेर्तो मिनेत्ती यांनी २००२ मध्ये डोंगरी धावपटूंवर मोजले तेव्हा ४५ टक्के चढावर खर्च सपाटीच्या पाचपटीहून अधिक निघाला, तर उतारावर तो २० टक्क्यांच्या आसपास सर्वांत कमी होता.

एरिट्रियाच्या झरसेनाय तादेसे यांच्या नोंदीत काटकसरीचा प्रसिद्ध झालेला सर्वांत चांगल्यांपैकी एक आकडा आहे: किलोमीटरमागे १५०, तोही ८३ च्या कमाल क्षमतेसह. २०१० मध्ये लिस्बन येथे ५८ मिनिटे २३ सेकंदांत अर्धमॅरेथॉनचा विश्वविक्रम त्यांनी केला, आणि तरीही मोंझापूर्वी पूर्ण मॅरेथॉनमध्ये त्यांची सर्वोत्तम वेळ २ तास १० मिनिटांच्या वरच होती. मोंझालाही ते किपचोगे यांच्यापेक्षा सहा मिनिटांहून अधिक मागे राहिले. प्रयोगशाळेतील चाचणी ताज्या पायांवर काही मिनिटांची असते, आणि दीड-दोन तासांनंतर स्नायू थकले, साठवलेली कर्बोदके संपत आली, चरबीचा वाटा वाढला की तोच वेग राखायला अधिक ऑक्सिजन लागू लागतो. काहींमध्ये ही घसरण किंचित असते, काहींमध्ये मोठी. जोन्स यांनी अलीकडे या टिकून राहण्याच्या गुणाला जॉयनर यांच्या तीन घटकांच्या जोडीला चौथा घटक मानावे असे सुचवले आहे. त्यामुळे काही प्रयोगशाळांत आता धावपटूला आधी दीड-दोन तास पळवतात, आणि मगच तोंडावर मुखवटा चढवून मोजणी सुरू करतात.